बोटांचे ठसे मुलांच्याच हातात राहू द्या: पुण्यातल्या प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

मा. मुख्याध्यापक व मुख्याध्यापिका,
पुणे शहरातील सर्व प्राथमिक शाळा

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त अंगुलीमुद्रा तज्ज्ञ आहे. नोकरीची 31 वर्षं भिंगाखाली बोटांचे ठसे बघण्यात गेली. निवृत्तीनंतर दर शनिवारी पुण्यातल्या कुठल्या ना कुठल्या शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर ठशांचा तास घेते. एरंडवण्यापासून येरवड्यापर्यंत, महापालिकेच्या शाळा आणि खासगी शाळाही. मुलं मला ‘ठसेवाल्या आजी’ म्हणतात. या पत्रातून मला तुमच्याकडे दोन गोष्टी मागायच्या आहेत. एक तुम्ही थांबवावी अशी आणि एक सुरू करावी अशी. थांबवायची आधी सांगते, कारण पत्र लिहायला तिनेच बसवलं.

गेल्या डिसेंबरात एका शाळेत पालकसभेच्या दिवशी गेले होते. शाळेचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. सभागृहाच्या दाराशी एक टेबल मांडलं होतं. त्यावर लॅपटॉप, बोट ठेवायचं छोटं यंत्र आणि मागे मोठा फलक: मुलाच्या बोटांवरून त्याची जन्मजात बुद्धिमत्ता ओळखा. काही हजार रुपये भरायचे, दहा बोटं टेकवायची आणि आठवड्याभरात रंगीत छापलेला जाडजूड अहवाल घरी. रांगेत बरेच पालक होते. शाळेनेच जागा दिली म्हटल्यावर खात्रीचंच असणार, असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे.

महिन्याभराने त्याच शाळेत माझा तास होता. चौथीतली एक मुलगी, पावसाळ्यात माझ्या तासाला सगळ्यात आधी गणित सोडवून वही पुढे करणारी, त्या दिवशी मागच्या बाकावर बसून होती. मधल्या सुट्टीत जवळ आली आणि म्हणाली, “आजी, माझ्या बोटांत गणित नाहीये का?” अहवालात तिची तर्कशक्ती कमी आणि नृत्याकडे कल असं लिहून आलं होतं. वडिलांनी तिला शिष्यवृत्तीच्या वर्गात घालायचा विचार सोडून दिला होता.

ठशांवर उभं आयुष्य काढलेली बाई म्हणून मी तुम्हाला स्पष्ट सांगते: बोटावरच्या रेषांना गणित येत नाही आणि नृत्यही येत नाही.

या रेषा येतात कुठून, ते बघा. आईच्या पोटात साधारण दहाव्या आठवड्याच्या सुमारास बोटांच्या टोकांच्या कातडीत बारीक उंचवटे उठायला लागतात आणि सतराव्या-अठराव्या आठवड्यापर्यंत नक्षी पक्की होते. 2023 साली एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी ही नक्षी कशी घडते ते दाखवलं. बोटाच्या पेराचा मधला उंचवटा, नखाजवळची कड आणि सांध्याजवळची घडी, अशा तीन ठिकाणांहून उंचवट्यांच्या लाटा निघतात, पसरतात आणि एकमेकींना भिडतात. कुठली लाट आधी निघाली, पेराचा उंचवटा तेव्हा केवढा होता, यावर कमान होणार, शंख होणार की चक्र होणार ते ठरतं. झेब्र्याच्या पट्ट्यांसारख्या नक्षींसाठी अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञाने 1952 मध्ये जी कल्पना मांडली होती, तिचंच हे उदाहरण. पोटातल्या हालचालींचा, गर्भजलाच्या दाबाचा असा बारीकसारीक फरकही त्यात मिसळतो, म्हणून एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात.

आणि ‘ठशांवरून माणसाची पात्रता कळेल’ ही आशा काही नवी नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1892 मध्ये ठशांवरचा पायाभूत ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनाही तीच आशा होती. त्यांनी विज्ञानाचे विद्यार्थी, कलेचे विद्यार्थी, शेतमजूर अशा निरनिराळ्या गटांचे ठसे ताडून पाहिले. फरक सापडला नाही आणि अपेक्षा खोटी ठरल्याचं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. काही जन्मजात आजारांमध्ये ठशांच्या प्रकारांचं प्रमाण थोडं वेगळं दिसतं, हे खरं. विक्रेते याच धाग्याला धरून पुढचा सगळा डोलारा उभा करतात. पण त्यावरून धडधाकट मुलाला भागाकार जमेल की नाही हे सांगता येत नाही. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही या चाचण्यांना शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलेलं आहे. तेव्हा माझी पहिली विनंती ही, की ते टेबल शाळेच्या आवारात येऊ देऊ नका. फुकट करतो म्हणाले तरी नको. मुलाचे ठसे ही त्याची आयुष्यभराची ओळख आहे. पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. कोणाच्या तरी लॅपटॉपमध्ये ती ओळख का जावी? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे.

आता दुसरी विनंती. तिच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

तिसरी-चौथीच्या मुलांना वर्षातून दोन शनिवार ठशांसाठी द्या. ‘आनंददायी शनिवार’ वेळापत्रकात आहेच, त्यातले दोन. साहित्य म्हणाल तर शिसपेन्सिल, कोरा कागद, सेलोटेप आणि जमल्यास भिंग. शाळेत ठसेकाम आपण करून घेतोच. भेंडी कापून, बटाटा कोरून, बोट रंगात बुडवून फुलं-पानं काढतो. पण तिथे बोट म्हणजे नुसता शिक्का. त्याच बोटाकडे मूल थांबून पाहतं तेव्हा काय होतं, ते मला तुम्हाला दाखवायचं आहे.

कागदावर पेन्सिल घासघासून रुपयाएवढा काळा डाग करायचा. त्यावर बोटाचं पेर नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवायचं. आमच्या कामात याला ‘रोल’ घेणं म्हणतात. नुसतं दाबलं तर मधलाच भाग येतो आणि चक्र असूनही शंख वाटतो. मग बोटावर सेलोटेपचा तुकडा अलगद लावून उचलायचा आणि पांढऱ्या कागदावर चिकटवायचा. पहिल्यांदा तो ठसा दिसतो तेव्हा वर्ग शांत होतो. मी शेकडो वेळा पाहिलंय हे. साठ मुलांचा वर्ग, मधल्या सुट्टीची घंटा व्हायची वेळ, आणि कोणी बोलत नाही. मुलं स्वतःचं बोट बघतात, कागद बघतात, पुन्हा बोट बघतात. टेपवरचा ठसा बोटासारखाच दिसतो, उजवं-डावं उलटत नाही, हे त्यांच्यातलंच कोणीतरी ओळखतं, आपल्याला सांगावं लागत नाही.

शंख आणि चक्र हे शब्द बहुतेक मुलांच्या घरात असतात. आजीने बोटं मोजलेली असतात. मी ते शब्द तसेच ठेवते, कारण ते चांगले आहेत. एका बाजूने येऊन वळून त्याच बाजूला परत जाणाऱ्या रेषा तो शंख, गोल फिरणारं ते चक्र आणि एका बाजूने येऊन मधे उचलून दुसऱ्या बाजूने जाणारी ती कमान. आजीने सांगितलेलं भविष्य मात्र आम्ही बाजूला ठेवतो आणि मोजायला बसतो. वर्गातली सगळी बोटं मोजून फळ्यावर खुणा करायच्या. जगभरात साधारण दहातली सहा बोटं शंखाची, तीन चक्राची आणि कमानी जेमतेम शंभरात पाच-सहा. वर्गाची मोजणी याच्या आसपास येते, पण तंतोतंत येत नाही. का येत नाही, यावर चौथीची मुलं पाऊण तास वाद घालू शकतात. आमच्या वर्गात कमान जास्त का आली? आपण मोजताना चुकलो का? बाजूच्या तुकडीत जाऊन बघूया का? मूल हे प्रश्न स्वतःहून विचारायला लागलं की विज्ञान वेगळं शिकवावं लागत नाही.

यापुढचा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. ठशांचं शास्त्र आपल्या देशातल्या माणसांनी घडवलं, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. 1858 मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला, तिथून सुरुवात झाली. 1897 मध्ये कोलकात्यात जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा केंद्र उघडलं. तिथे अडचण अशी, की हजारो माणसांच्या दहा-दहा बोटांचे कागद जमले तर हवा तो कागद शोधायचा कसा? तेव्हा संगणक नव्हते. काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी त्याचं गणित बसवलं. पद्धतीला नाव मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं पडलं.

ते गणित चौथीच्या मुलाला येतं. उजव्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत 1 ते 5 आणि डाव्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत 6 ते 10 असे बोटांना क्रमांक द्यायचे आणि दोन-दोनच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीत चक्र असेल तर त्याला 16 गुण, दुसरीत 8, मग 4, 2 आणि 1. शंखाला आणि कमानीला शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक एक ती वर, विषम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक एक ती खाली. उजव्या अंगठ्यावर आणि डाव्या अनामिकेवर चक्र असलेल्या मुलाचे वर 1 आणि खाली 16 अधिक 1 अधिक 1, म्हणजे एक छेद अठरा. वर 32 शक्यता, खाली 32 शक्यता, म्हणून कपाटाला 1024 कप्पे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आम्ही याच पद्धतीने कागद लावत होतो.

येरवड्याच्या बाजूच्या एका शाळेत आम्ही ते कपाट मैदानावर आखलं. खोखोचं मैदान आखायची फक्की होती शिपाईदादांकडे. एक फुटाचा एक कप्पा, 32 बाय 32. दोन शिक्षिका, दादा आणि सातवीची मुलं सकाळी साडेसहापासून दोऱ्या धरून होती. मग चौथीची मुलं आपापला अपूर्णांक हातात घेऊन आली आणि जो तो आपला कप्पा शोधायला निघाला. ज्यांच्या एकाही बोटावर चक्र नाही, ते सगळे एक छेद एकच्या कोपऱ्यात गर्दी करून उभे राहिले, एकमेकांना धरून, कारण एका फुटात मावेनात. आणि लांब समोरच्या कोपऱ्यात, बत्तीस छेद बत्तीसच्या कप्प्यात, एकच मुलगा. दहाही बोटांवर चक्र. अभ्यासात मागे म्हणून त्याला सहसा कोणी पुढे बोलावत नसे. तो तिथे एकटा ताठ उभा होता आणि सगळी शाळा त्याच्याकडे बघत होती. मग एका मुलीने विचारलं, की एक छेद एकच्या कप्प्यात इतके कागद झाले तर पोलिसांना त्यात माणूस कसा सापडणार? कोलकात्याच्या त्या कचेरीलाही हाच प्रश्न पडला होता आणि त्यातूनच पुढचं पोटवर्गीकरण निघालं. तिला मी ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे मला पण सुचलं असतं.” सुचलंच होतं तिला.

दुसऱ्या शनिवारी गोष्ट. इथे शिक्षकांना मनापासून एक सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. ठसे म्हटलं की ‘चोर कोण’ हा खेळ सगळ्यांना सुचतो. मीही सुरुवातीला खाऊचा डबा ठेवायचे, त्यावरचा ठसा उमटवायचा आणि चोर पकडायचा. एका वर्गात पावडर मारायच्या आधीच निम्मा वर्ग एका मुलाकडे बघायला लागला. त्याच्या वस्तीवरून त्याला आधीच तसं काहीबाही बोललं जात होतं. ठसा त्याचा नव्हता, पण त्याचा चेहरा मला विसरता येत नाही. त्या दिवसापासून माझ्या तासात चोर नाही. आता गोष्ट सुरू होते ती अशी: सुट्टीच्या दिवशी वर्गातल्या कुंडीला कोणीतरी पाणी घालून गेलं. स्टीलचा पेला तिथेच राहिलाय. कोण येऊन गेलं?

पेल्यावर ठसा उमटवणाऱ्याला आधी नाकावरून किंवा कपाळावरून बोट फिरवायला सांगायचं. लहान मुलांच्या बोटांवर मोठ्यांसारखा तेलकटपणा नसतो. जो असतो तो पटकन उडून जातो, त्यामुळे त्यांचे ठसे लवकर नाहीसे होतात. उमटवल्यावर तासाभराच्या आत काम करायचं. पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड मऊ ब्रशने हलकेच फिरवायची, जोर लावला की रेषा पुसल्या जातात. अशा सापडलेल्या ठशाला आमच्याकडे ‘चान्स प्रिंट’ म्हणतात. तो अर्धवट असतो, डागाळलेला असतो. मुलांना वाटतं अख्खं गोल चित्र मिळेल, आणि मिळतो एक तुकडा. त्या तुकड्यात कुठे रेषा फुटते, कुठे संपते, कुठे दोन रेषांमध्ये बेट तयार होतं, ते शोधून वर्गातल्या कागदांशी ताडायचं. पेल्यावरचा ठसा टेपवरच्या ठशाच्या आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा दिसतो, एवढं ध्यानात ठेवायचं. नक्की सांगता येत नसेल तर ‘सांगता येत नाही’ असं लिहायचं. या उत्तराला मी पूर्ण गुण देते, कारण खऱ्या कामातही ते पूर्ण गुणांचं उत्तर आहे.

मग ज्याचा ठसा निघाला त्याची गोष्ट सगळ्यांनी मिळून रचायची. तो सुट्टीच्या दिवशी का आला, दार कसं उघडलं, झाडाशी काय बोलला. शेवटी प्रत्येकाने आपल्या एका बोटाची गोष्ट लिहायची. कागदाच्या डोक्यावर तो ठसा आणि खाली त्या बोटाने आज सकाळपासून काय काय केलं ते. मुलं काय लिहितात! शेंबूड पुसला, बसची काच पुसून बाहेर पाहिलं, लहान भावाच्या मुठीत रात्रभर होतं.

दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतून येणाऱ्या तिसरीतल्या एका मुलीने स्वतःच्या बोटाची गोष्ट लिहिलीच नाही. तिने लिहिलं: “माझ्या आजीचा अंगठा रेशनच्या मशीनला दिसत नाही. दुकानवाले म्हणतात अंगठा उठत नाही, परत या. आजी अंगठा पदराला पुसते. परत लावते. आजी चार घरची भांडी घासते. आजीचा अंगठा भांड्याला लागला.”

शेवटचं वाक्य मी तिला दोनदा वाचून दाखवायला सांगितलं. सुधारलं काहीच नाही. तिच्या बाईंनी पुढच्या शनिवारी आजीला शाळेत बोलावलं. वर्गासमोर नातीने आजीच्या दहाही बोटांचे ठसे घेतले, पेन्सिल आणि टेप, आधी शिकली होती तसेच. अंगठे आणि तर्जन्या जवळजवळ कोऱ्या आल्या. घासण्याच्या पावडरीने, चुन्या-सिमेंटने, विटांनी वरची कातडी झिजते, तेव्हा असं होतं. नक्षीचं मूळ खालच्या थरात शाबूत असतं, हातांना विश्रांती मिळाली तर रेषा पुन्हा वर येतात, पण आजीला विश्रांती कोण देणार? डाव्या हाताची अनामिका मात्र स्वच्छ आली. छान, भरगच्च शंख. मशीनला कुठलंही बोट चालतं, हे आजीला कोणी सांगितलं नव्हतं. त्या महिन्याचं रेशन आजीने त्या बोटावर घेतलं. नातीने गोष्टीच्या कागदावर दुसरा ठसा चिकटवला आणि खाली एक ओळ वाढवली: “हे बोट सापडलं.”

वर सांगितलेल्या टेबलावरचं यंत्र आणि या मुलीच्या हातातला टेपचा तुकडा, दोन्ही बोटांवरचंच वाचत होते. एकाने चौथीतल्या पोरीला मागच्या बाकावर बसवलं. दुसऱ्याने तिसरीतल्या पोरीला आजीचं बोट शोधून दिलं. कुठलं आपल्या शाळेत असावं, हे ठरवायचा अधिकार तुमचा आहे.

थोडं व्यवहाराचं. मुलांच्या ठशांचे कागद शाळेत ठेवून घेऊ नका, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. त्याच दिवशी मुलांबरोबर घरी जाऊ द्या आणि वर्गातली मोजणी फळ्यावर बिननावाची ठेवा. ज्याला ठसा द्यायचा नाही त्याला देऊ नये, तो भिंग धरेल. एखाद्या मुलाच्या बोटांना भाजल्याची, कापल्याची खूण असते, कोणाला एखादं बोट नसतं. त्याला आधी बाजूला घेऊन विचारा. पेन्सिलीची काळीक साबणाने निघते, गणवेशाची काळजी नको. शिक्षकांना आधी एक तास लागेल. तो मी घेईन, मानधन नको.

ज्या पालकांनी असे अहवाल आधीच घेतले आहेत, त्यांना पहिल्या शनिवारी मुलांबरोबर बसायला बोलवा. अहवाल सोबत आणला तरी चालेल. त्या चौथीतल्या मुलीचे वडील जानेवारीच्या शेवटी आले होते. लेकीचा अपूर्णांक त्यांनी स्वतः मोजला आणि चुकले. तिने वडिलांच्या हातातून पेन्सिल घेऊन तो दुरुस्त केला. तिसऱ्या जोडीतलं चक्र सम बोटावर होतं, त्यांनी ते खाली धरलं होतं.

जून-जुलैचे शनिवार माझे मोकळे आहेत. माझ्याकडे बारा भिंगं आहेत आणि दोन ब्रश. शाळेने पेन्सिली, टेप, एखादा स्टीलचा पेला आणि कुंडीतलं एक झाड तेवढं ठेवावं.

आपली नम्र,
एक निवृत्त अंगुलीमुद्रा तज्ज्ञ, पुणे